मका धावड्याचा, पाय बदनापूरचा

मस्तगड, जालना
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संघपाल यास जयभीम.

मी खुशाल आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोनच केला असता, पण उजव्या कानानं आता अगदीच साथ सोडली आहे. तू तिकडून काहीतरी सांगतोस, मी इकडून हो हो म्हणतो, आणि तू फोन ठेवल्यावर मी कशाकशाला हो म्हणालो याची काळजी करत बसतो. कागदावर तसं होत नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, अक्षर तुला लागेल ना याचीही काळजी आहे. न लागलं तर सूनबाईला, ज्योत्स्नाला वाचायला देऊ नकोस. पुन्हा पुन्हा बघ, लागेल.

काल गोळ्या आणायला आपल्या गल्लीतल्या कल्याणच्या औषधाच्या दुकानात गेल्तो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कचरूमामा, पेढे कधी देता? तुमच्या पोरानं बनवलेला स्क्रू बदनापूरच्या गुरुजींच्या पायात बसला म्हणं. तुम्हाला ठाऊक न्हाई का?"

मी म्हणालो, "ठाऊक हाये."

मला ठाऊक नव्हतं.

गुरुजी पडले हे मला माहीत होतं. बदनापूर स्टेशनच्या पुलावरून उतरताना त्यांचा पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं, हे ज्योत्स्नानं फोनवर सांगितलं होतं, आणि ते मला ऐकूही आलं होतं. ते तुझे सासरे. मुख्याध्यापक होते, शिकलेले आहेत, त्यांचं दुखणं मोठं असणार, हे मी समजू शकतो. पण त्यांच्या पायात तुझ्या प्रयोगशाळेतला स्क्रू घातला, ही गोष्ट बापाला औषधाच्या दुकानात कळावी, हे बरोबर आहे का? तूच विचार कर.

माझ्या मांडीत सळई आहे हे तू विसरला नसशील. चौदा एप्रिलच्या पताका बांधताना मी शिडीवरून पडलो तेव्हा तू बारावीला होतास. औरंगाबादला नेऊन मांडीच्या हाडातून आरपार सळई घातली. तीस वर्षं मी लोखंडाच्या मिलमध्ये सळईच कापली. लाल सळई रुळांवरून सापासारखी धावत यायची आणि मी उभा राहून तिचे तुकडे पाडायचो. माझं ऑपरेशन झाल्यावर मिलमधले लोक म्हणायचे, "कचरू, मालकाचा माल मांडीत लपवून नेला का रे?" तेव्हा मीही हसायचो. आता थंडी पडली की आधी ती गार पडते, मग मी गार पडतो.

म्हणून मी असं म्हणतो की ही सळई काढ आणि तुझं ते विरघळणारं घाल. वय त्र्याहत्तर आहे, हे मला सांगू नकोस. गुरुजी माझ्यापेक्षा दोन वर्षांनीच लहान आहेत.

ते मक्याच्या साखरेपासून करतात, हे तूच माझ्या नातीच्या, प्रियाच्या वाढदिवसाला सांगितलं होतंस. मक्यातली साखर आंबवायची, तिचं प्लास्टिक करायचं, त्याचा स्क्रू करायचा. तो मका कुठल्या देशातून येतो मला माहीत नाही, पण मका म्हटलं की मला आपलं गाव धावडाच दिसतं. तुझ्या आजोबांनी धावड्यात दुसऱ्याच्या रानात वाट्यानं मका केला. रात्री रानडुकरं येऊ नयेत म्हणून मी डबा वाजवत बसायचो. मका धावड्याचा आणि पाय बदनापूरचा, हा कुठला न्याय?

तू सांगितलं होतंस की तो स्क्रू दोन-तीन वर्षांत विरतो, त्याचं पाणी आणि हवा होते, आणि माणूस ती श्वासातून सोडून देतो. म्हणजे गुरुजी नुसते खुर्चीत बसून श्वास सोडतील आणि तुझी एवढ्या वर्षांची मेहनत त्यांच्या नाकातून बाहेर पडत राहील. माझं तसं नाही. मी गेल्यावर तुम्ही राख सावडाल तेव्हा सळई जशीच्या तशी हाताला लागेल. पण ती तू बनवलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

उत्तर लिही. गॅस बंद केला का ते बघायला उठतो.

तुझा बाप
कचरू

⁂

मस्तगड
३ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास जयभीम.

पत्राचं उत्तर नाही. पोस्टात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, पुण्याला चार दिवसांत जातं." म्हणजे गेलं. तू कामात असशील.

परवा मी बदनापूरला जाऊन आलो. व्याह्याच्या दुखण्याला गेलो नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको. सकाळच्या पॅसेंजरनं गेलो, केळी नेली. तुला आठवत असेल, तू पुण्याहून येतोस तेव्हा गाडी आधी बदनापूरला थांबते आणि मग जालन्याला येते. यात तुझा दोष नाही, रेल्वेचा आहे. पण तुझी आई गेल्यापासून तू प्रत्येक वेळी तिथंच उतरलास, आणि जालन्याला येऊन घड्याळ बघत बसलास. तिच्या आजारात मी तुला जे बोललो ते बोललो. बाप पोराला बोलतो. ते जाऊ दे.

गुरुजी बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते, पाय उशीवर ठेवलेला. दोघं-तिघं भेटायला आलेले. गुरुजी त्यांना शिकवत होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. घोटा पुढं करून, हातात पेन्सिल घेऊन.

"हा स्क्रू धातूचा नाही. आपल्या जावईबापूंच्या प्रयोगशाळेतला आहे. हाड जसंजसं भरतं, तसातसा तो विरत जातो. दुसऱ्यांदा चिरायची गरज नाही."

एक जण म्हणाला, "जावई असावा तर असा."

मी बाजूला खुर्चीवर बसून होतो. केळी मांडीवरच राहिली. जावई कुणाचा तरी मुलगा पण असतो, हे त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नाही. मग विहीणबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कचरूभाऊ कधी आले? कुणी सांगितलंच न्हाई." तेव्हा त्या लोकांनी माझ्याकडं पाहिलं.

गुरुजींनी ओळख करून दिली. "हे आमचे व्याही. यांच्या मांडीत जुन्या पद्धतीची सळई आहे."

जुन्या पद्धतीची, असं म्हणाले.

लोक गेल्यावर त्यांनी नवा एक्सरे दाखवायला काढला. डॉक्टरांनी दोन दिवस आधीच काढला होता आणि आठवड्यानं पायावर भार टाकायला सांगितलं होतं. मी तो खिडकीच्या उजेडात धरला. संघपाल, मी माझ्या मांडीचे एक्सरे दहा वेळा पाहिले आहेत. त्यात सळई दिसते, पांढरीशुभ्र, पट्टीनं रेघ मारल्यासारखी. गुरुजींच्या फोटोत हाड दिसत होतं. हाडात एक काळी बारीक रेघ दिसत होती, किडीनं पोखरल्यासारखी. स्क्रू दिसत नव्हता.

मी पुन्हा पाहिलं. उलटा करून पाहिला.

मी म्हणालो, "गुरुजी, यात तर कायबी न्हाई."

"म्हणजे?"

"भोक हाये. स्क्रू न्हाई."

गुरुजींनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लहान असेल. दिसत नसेल." पण आवाज शाळेतला नव्हता.

"लहान असला तरी दिसतो. माझ्या सळईचे दोन स्क्रू हायेत, ज्वारीच्या दाण्याएवढे. ते बराबर दिसतात. एक तर घातला न्हाई, न्हाई तर विरून गेला."

मी खरं तेच बोललो. लोखंड ओळखायला मला पुस्तक लागत नाही. गुरुजींनी पाय उचलून पुन्हा नीट उशीवर ठेवला. विहीणबाईंनी चहा केला होता. मला तो त्या दिवशी फार गोड लागला. साखर जास्त पडली असेल.

परतीच्या गाडीला उशीर होता म्हणून फलाटावरच्या चहावाल्याशी बोलणं निघालं. त्यालाही थोडं सांगितलं असेल. तो कुणाला सांगत नाही.

तू एकदा त्या दवाखान्यात विचार. तुझं नाव खराब व्हायला नको, म्हणून लिहितो.

तुझा बाप
कचरू

⁂

मस्तगड
३० डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. आधी चिठ्ठी वाचली, मग पाकीट झटकलं तेव्हा तो स्क्रू गादीवर पडला. सापडेपर्यंत जीव खालीवर झाला. एवढासा. दुधाच्या दातासारखा.

चिठ्ठीत तू रागावला आहेस. तू लिहिलंस ते मीच इथं उतरवतो, म्हणजे मी सगळं वाचलं हे तुला कळेल. एक्सरेत धातू दिसतो, प्लास्टिक दिसत नाही. स्क्रूच्या जागी काळी रेघ दिसते, तीच त्याची खूण. गुरुजी एवढे शिकलेले, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. जावयाच्या कामाबद्दल जावयाला जाब कसा विचारायचा, म्हणून ते गप्प बसले. तुझा फोन आला की सगळं छान आहे म्हणतात. आणि डॉक्टरांनी सांगूनही पाय जमिनीला लावत नाहीत, कारण आत काही नाही असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. हे विहीणबाईंनी ज्योत्स्नाला चोरून सांगितलं. असाच पाय उचलून बसले तर घोटा आखडेल, तो पुन्हा सुटणार नाही.

तू पुढं लिहिलंस, "मी समजावलं तर मी माझ्याच मालाची बाजू घेतो असं त्यांना वाटेल. आबा, तुम्ही मोडलं, तुम्हीच जोडा. चौदा एप्रिलला प्रियाला घेऊन येणार होतो. ते तसेच पलंगावर असतील तर मी ज्योत्स्नाला घेऊन कुठल्या तोंडानं येऊ? मग आम्ही पुण्यातच थांबतो."

हे तू लिहायला नको होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते बोललो. कुणीही माझ्या जागी हेच बोललं असतं.

तू पाठवलेला एक्सरे पाहिला. एक किल्ली आणि तिच्याशेजारी हाच स्क्रू ठेवून काढलेला. किल्ली दिसते, तिचे दातसुद्धा दिसतात. स्क्रूच्या जागी काही नाही. मी कल्याणच्या दुकानात नेऊन त्यालाही दाखवला. तो म्हणाला, "मामा, म्हणजे गुरुजींच्या पायात हाये की." मी म्हणालो, "असंल."

मांडीबद्दल तू लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं. मांडीचं हाड सगळ्या अंगाचा भार घेतं, तुझ्या स्क्रूला अजून एवढी ताकद नाही, तिथं आजही लोखंडच लागतं, आणि माझ्या मांडीत तो घातला असता तर पाय वाकडा झाला असता. "तुमच्यासाठी मलाही सळईच निवडावी लागली असती," असं लिहिलंस. म्हणजे जिथं खरा भार आहे तिथं लोखंड. हे तू आधी का बोलला नाहीस? आणि हे गुरुजींना सांगितलं आहेस का? ते अजूनही जुन्या पद्धतीची म्हणत असतील.

स्क्रू मी पेल्यात पाण्यात घालून खिडकीत ठेवला आहे. पाच-सहा दिवस झाले, आहे तसाच आहे. तू लिहिलंस की त्याला अंगाची ऊब लागते आणि महिने लागतात. मला वाटतं तू मला जुना देऊन टाकलास. चांगले तिकडं ठेवले असशील.

बदनापूरला जाईन. थंडी जरा कमी होऊ दे. मांडी फार दुखते. शिवाय सकाळी धुकं असतं, गाड्या उशिरा येतात.

तुझा बाप
कचरू

⁂

मस्तगड
२२ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास जयभीम.

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

एक्सरे पिशवीत घेतला. स्क्रू पाण्यातून काढून पुसला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. बदनापूरला उतरलो तेव्हा ठरवलं होतं की गेल्या गेल्या सांगायचं. गुरुजी त्याच पलंगावर होते. दाढी वाढलेली. भेटायला कुणी नव्हतं, पेन्सिल कुठं दिसली नाही. पोटरी वाळलेल्या दोडक्यासारखी झाली आहे. त्यांनी मला बघून नुसती मान हलवली.

संघपाल, मी चहा घेतला. कापसाचं बोललो, धुक्याचं बोललो. पिशवी पायाशी होती. मला वाटत होतं, आता हे काढून दाखवलं की हा माणूस पुन्हा घोटा पुढं करून लोकांना शिकवायला बसणार. जावईबापू, जावईबापू. आत्ता या खोलीत आम्ही दोघं सारखे होतो, दोन दुखऱ्या पायांचे म्हातारे. मला ते बरं वाटत होतं. मी उठलो आणि येतो म्हणालो.

विहीणबाई फाटकापर्यंत आल्या. दैवशालाबाई तशा मला कधी तोंडावर बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"भाऊ, तुम्ही त्या दिवशी काय बोलून गेल्ते, ते मी चुलीपाशी ऐकलंय. माणूस पोळीचा तुकडा मोडंना झाला. सारखे पायाकडं बघत बसतात. म्हणतात, आत कायबी न्हाई, तर भार टाकू कशावर. जावयाला फोन लावते म्हटलं की फोन काढून घेतात. तुमाला येवढं दिसतं तर आता तुमीच सांगा, मी काय करू?"

मी फाटकाची कडी धरून उभा होतो. म्हणालो, "चहा ठिवा पुन्हा."

आत जाऊन मी गुरुजींच्या हातात एक्सरे दिला. किल्ली दाखवली. शेजारची मोकळी जागा दाखवली. मग खिशातला स्क्रू काढून त्या मोकळ्या जागेवर ठेवला.

"हा हितं व्हता. फोटोत न्हाई. तुमचा बी आत हाये, फोटोत न्हाई. त्या दिवशी मी चुकीचं बोललो."

गुरुजी स्क्रूकडं बघत म्हणाले, "कचरूभाऊ, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"पोरानं. पण मी आपल्या मनानं बी आलो." दुसरं वाक्य अर्धंच खरं होतं.

"आणि हा मोडला तर?"

"पकडीत धरून पाह्यला घरी. दात उमटले, मोडला न्हाई. माझीच पक्कड घसरून बोट चेंगरलं." मी त्यांना नख दाखवलं. ते काळं पडलं आहे. तुला लिहायचं राहिलं होतं.

गुरुजींनी माझं नख एक्सरेइतकंच नीट पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्यासमोरच टाकतो पाय. पडलो तर तुमच्याच अंगावर पडेन, एवढी काळजी घेईन."

मी त्यांच्या बगलेत खांदा दिला. ते उतरताना पुटपुटले, "सावकाश. तुमची सळई लागेल मला." पाय जमिनीला टेकला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी म्हणालो, "टाका भार." ते म्हणाले, "टाकलाय." मी म्हणालो, "टाकला असता तर माझ्या खांद्यावर येवढं वझं कशाचं हाये मंग?" विहीणबाई आत फडक्यात तोंड लपवून हसत होत्या. मग खांद्यावरचं ओझं हळूहळू कमी होत गेलं. घोटा कुरकुरला. पण गुरुजी उभे राहिले. स्क्रू मोडला नाही.

बसल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "एक बोलू का? मला तुम्ही फारसे आवडत नाही."

मी म्हणालो, "मला ठाऊक हाये."

"कारण ठाऊक नाही. जावईबापू इथं येतात, माझ्या घरी जेवतात, आणि दोन घास झाले की विचारतात, आबांचा पाय थंडीत दुखतो का, तुम्ही जाऊन बघून आलात का, ते नीट जेवतात का. माझा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसून काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, आबांच्या वेळी हे असतं तर निदान त्यांच्या सळईचे दोन स्क्रू तरी असे घातले असते. मी तिथं पाय मोडून पडलो होतो, कचरूभाऊ. आणि बोलणं तुमच्या मांडीचं."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

"बघा. आता हेही मलाच सांगावं लागणार."

"न्हाई, पण आणखी काय म्हणाला?"

त्यांनी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. तुझ्या तोंडचंच आहे, तुला ठाऊक असणार. पण तू ते त्यांच्याकडं बोलतोस आणि माझ्याकडं येऊन घड्याळ बघतोस, ही कुठली तऱ्हा? घरातलं पाणी शेजारच्या माठात भरल्यासारखं.

निघताना गुरुजी म्हणाले, "तो स्क्रू ठेवून जा. माझ्या पायातला मला दिसत नाही, हा तरी बघेन."

मी म्हणालो, "ते जमणार न्हाई." आणि खिशात घातला.

तुझा बाप
कचरू

⁂

मस्तगड
५ एप्रिल २०२५

चि. संघपाल यास जयभीम.

ज्योत्स्नाचा फोन आला. तेरा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं, एवढं ऐकू आलं. पुढचं मी हो हो म्हणालो. कुठं उतरणार, हे ती बोलली असेल तर ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हणून हे पत्र. गाडीच्या आधी पोचलं पाहिजे. पोस्टातल्या माणसाला दोनदा विचारलं.

गुरुजी आता काठीनं चालतात. मी दर मंगळवारी पॅसेंजरनं जातो. डॉक्टरांनी सपाट जागेवर चालायला सांगितलं आहे, आणि बदनापुरात फलाटाएवढी सपाट लांब जागा दुसरी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघं चालतो. ते डावीकडं झुकतात, मी उजवीकडं. चहावाला म्हणतो, "आली जोडी. एक लोखंडाचा, एक मक्याचा." मी त्याला आधीचं सगळं चुकीचं होतं म्हणून सांगितलं. त्यानं ते दोन-तीन गावांत सांगितलेलं होतं, तेही निस्तरलं.

गुरुजी परवा म्हणाले, "कचरूभाऊ, आपण गेल्यावर राख सावडताना पोरांची चूक व्हायची नाही. जिच्यात सळई निघेल ती तुमची. जिच्यात काही सापडणार नाही ती माझी." मी म्हणालो, "अन सळई भंगारात घालायला सांगून ठेवलीय. जालन्याच्या भट्टीत वितळंल अन कुणाच्या तरी छताला लागंल." हरले की ते काठीनं फलाटावर टकटक करतात.

पण एक गोष्ट मला सलते, ती लिहितो. ते आता रोज सांगतात की स्क्रू आतून विरत चालला आहे, त्यांना जाणवतं. कुणाला असं जाणवतं का? तू खरं सांग. आणि जाणवत असेल तर मला सांगू नकोस.

माझा आहे तसाच आहे. पाण्यात घालायचं मी सोडून दिलं. पाकिटात ठेवला तर हरवेल, डबीत ठेवला तर विसरेन, म्हणून बंडीच्या आतल्या खिशातच असतो, छातीपाशी. तिथं थोडी ऊब लागते, पण तेवढ्यानं तो विरणार नाही हे मी कल्याणकडून दोनदा विचारून घेतलं आहे. दोन-तीन वर्षांनी गुरुजींकडं तू केलेलं काहीही राहणार नाही. माझ्याकडं राहील. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एखाद्या मंगळवारी सांगेन.

घर झाडून घेतलं आहे. पताका आणल्या आहेत. शिडी मी चढणार नाही, कल्याण चढेल. प्रियासाठी तुझ्या आईच्या पेटीतली गोधडी उन्हात घातली. एवढ्या दिवसांनी तू मुक्कामाला येशील की नाही याचा विचार मनात येतो, मग मी तो काढतो, मग तो पुन्हा येतो.

आता मुख्य. गाडी आधी बदनापूरला थांबेल. ते काही बदलता येत नाही. त्या दिवशी सकाळी मी पॅसेंजरनं तिकडं गेलेला असेन. गुरुजी, विहीणबाई आणि मी, आम्ही तिघं फलाटावर उभे असू. गुरुजी काठी वर करतील, म्हणजे आम्ही तुला दिसू. तू आम्हाला बघून सवयीनं उठशील, सामान काढायला लागशील. काढू नकोस. गाडी तिथं फार थांबत नाही. प्रियाला मांडीवर घे आणि बसून राहा.

तू उतरू नकोस. आम्ही चढतो.

विहीणबाईंनी जेवण बांधून घेतलेलं असेल, आपण सगळे मस्तगडला येऊन जेवू. गुरुजींचा पाय आहे, त्यांना बसायला जागा द्यावीच लागेल, त्याला माझी हरकत नाही. पण तुझ्याशेजारची मला ठेव.

तुझा बाप
कचरू